कॅमेऱ्याची चाळिशी

सावंगी (मेघे) वर्ध्याला इतकं चिकटून आहे की बाहेरून येणाऱ्याला वर्धा कुठे संपलं आणि सावंगी कुठे लागली ते कळतच नाही. १९९० साली इथे मेडिकल कॉलेज आलं, १९९१ साली डेंटल. त्यांच्यामागून होस्टेलं आली, मेस आल्या, झेरॉक्सची दुकानं आणि चहाच्या टपऱ्या आल्या. मी इथेच दातांची डॉक्टर झाले. पण मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न दातांचा नाही. तो असा : "ताई, एकच लेन्स सांग ना. दूरचं पण आलं पाहिजे अन् जवळचं पण. अन् स्वस्त पाहिजे."

विचारणाऱ्यांची गरज खोटी नसते. रविवारी बोरला जायचं असतं. वर्धा जिल्ह्यातलं हे जंगल २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे वाघ दिसलाच तर तो काही फोटोसाठी जवळ येऊन बसत नाही. सोमवारी मात्र पेशंटच्या वरच्या दाढेचा फोटो हवा असतो आणि ती दाढ नखाएवढी. कुणाच्या घरी कपाशी असते, त्याला बोंडातली गुलाबी अळी टिपून कृषी सहायकाला पाठवायची असते. वाघ, दाढ आणि अळी या तिघांसाठी मिळून खिशात असतात आठ-दहा हजार रुपये.

मग दुकानात किंवा मोबाईलवर एक खोकं दिसतं. त्यावर दोन शब्द शेजारी-शेजारी छापलेले असतात : झूम आणि मॅक्रो. प्रश्न सुटला असं वाटतं. पण हे दोन शब्द जन्माने भाऊ नाहीत. त्यांचं लग्न लावून दिलेलं आहे, तेही बऱ्यापैकी उशिरा. ते का आणि कसं लागलं, हे कळलं की लेन्स निवडणं बरंच सोपं होतं. म्हणून हा इतिहास.

सेवाग्रामची एक लेन्स

सुरुवात लांबून करायची गरज नाही. वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले, तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. त्यांच्या आजूबाजूला वावरणाऱ्या मंडळींत कनू गांधी नावाचा एक तरुण होता, नात्याने त्यांचा नातू लागणारा, १९१७ सालचा जन्म. त्याला फोटोग्राफीची ओढ लागली. विनोबांचे धाकटे भाऊ शिवाजी यांनी त्याला प्रोत्साहन दिलं. पण कॅमेऱ्यासाठी आश्रमाकडे पैसे नव्हते. शेवटी घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या १०० रुपयांतून रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली.

गांधीजींनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. आपण फोटोसाठी पोज देणार नाही. आणि या छंदाचा खर्च आश्रम उचलणार नाही.

या अटी आजच्या गरजू फोटोग्राफरच्या डोळ्यांनी वाचून पाहा. प्रकाश नाही, सहकार्य नाही, बजेट नाही. शिवाय कॅमेरा असा की त्याची लेन्स बदलताच येत नाही. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरातल्या फ्रांके आणि हायडेके या कंपनीने १९२९ साली रोलायफ्लेक्स बाजारात आणला. त्याला दोन लेन्स, एकीखाली एक. वरची बघायला, खालची फोटो काढायला. दोन्ही कायमच्या बसवलेल्या. लांबचा माणूस मोठा दिसायला हवा असेल तर चालत जवळ जायचं. आणि फार जवळचं हवं असेल तर मीटरभराच्या आत कॅमेरा फोकसच करत नाही.

या कॅमेऱ्यात फोटोग्राफर मान खाली घालून, कमरेजवळ धरलेल्या काचेत बघतो. त्यामुळे लेन्स जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेला साधारण समोर येते. गांधीजी बहुतेक वेळ जमिनीवरच बसलेले असत. कनू गांधींच्या फोटोंत वरून खाली पाहिल्याची भावना येत नाही, त्याला स्वभावाइतकाच हा कॅमेराही कारण असावा असं मला वाटतं. उरलेलं काम पायांनी केलं. कुटीच्या अंधारात किती जवळ जायचं, चालत्या माणसाच्या किती पुढे पळायचं, याचा अंदाज त्यांना एकाच लेन्सवर बसवावा लागला. सुमारे दहा वर्षं त्यांनी तो बसवला. आज सेवाग्रामचे जे फोटो आपल्या डोळ्यांसमोर येतात, त्यातले कितीतरी त्यांचे आहेत.

त्या काळातला सेवाग्रामचाच एक फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. साल १९४०. गांधीजी सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून कुष्ठरोगाचे जंतू बघताहेत. या फोटोत आपल्या विषयाची दोन्ही टोकं आहेत. फोटो काढणाऱ्याला माणूस नीट दिसेल एवढं अंतर हवं आणि फोटोतल्या माणसाला जंतू दिसेल एवढी जवळीक हवी. या दोन्ही गोष्टी एकाच काचेने करता येतील, असं तेव्हा कुणी म्हणालं नसतं.

झूम : ज्याला हलता येत नाही त्याच्यासाठी

कनू गांधी चालत जाऊ शकत होते. सिनेमाचा कॅमेरा ते करू शकत नव्हता. तो जड होता, तिकाटण्यावर उभा होता, आणि दृश्य सुरू असताना लेन्स काढून दुसरी लावणं शक्य नव्हतं. झूमची गरज तिथे जन्मली. क्लाइल अ‍ॅलन या अमेरिकन माणसाने १९०२ साली फोकल लेंग्थ बदलणाऱ्या लेन्सचं पेटंट मिळवलं. १९३२ साली इंग्लंडच्या टेलर-हॉब्सन कंपनीची 'कुक व्हॅरो' ही लेन्स आली, ४० ते १२० मिमीची. कॅमेरा जागचा न हलता प्रेक्षक पात्राकडे सरकल्यासारखा दिसू लागला.

फोकल लेंग्थ म्हणजे काय, हे इथे एका ओळीत सांगून टाकते. आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं आणि चौकटीत मावणारं दृश्य तितकं अरुंद होतं. झूम लेन्समध्ये काचांचे गट एकमेकांच्या संदर्भात पुढे-मागे सरकतात आणि हा आकडा बदलतो. गट सरकताना चित्र धूसर होऊ नये, कडा वाकू नयेत, रंग फाटू नयेत हे सगळं एकाच वेळी साधावं लागतं. म्हणूनच झूममध्ये काचांची गर्दी असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत टीव्ही पसरला, त्यावर बेसबॉल आला, आणि मैदानाच्या कडेला उभ्या कॅमेऱ्याला चेंडूमागे जाणं भाग पडलं. व्हिएन्नाहून अमेरिकेला गेलेले फ्रँक बॅक यांनी त्यासाठी 'झूमार' लेन्स बनवली. १९५९ साली याच बॅक यांची रचना साध्या फोटो कॅमेऱ्याकडे वळली : फोग्टलँडर-झूमार, ३६ ते ८२ मिमी, आत १४ काचा. पस्तीस मिमी फिल्मच्या फोटो कॅमेऱ्यासाठीची ही पहिली झूम. १९६३ साली निकॉनची ४३-८६ आली. तिच्या कडांना सरळ भिंती वाकड्या यायच्या, तरी हौशी माणसांना परवडणारी झूम म्हणून ती खूप खपली.

यात जवळच्या फोटोचा विचार कुठेच नाही, हे लक्षात घ्या. झूमचा सगळा खटाटोप लांबच्यासाठी आहे.

मॅक्रो : कागदासाठी

जवळच्या लेन्सची गोष्ट वेगळ्या दारातून येते, पण दार त्याच घराचं आहे. ती फोग्टलँडर-झूमार प्रत्यक्षात तयार होत होती म्युनिकमध्ये, हाइन्झ किलफिट यांच्या कारखान्यात. आणि याच किलफिटनी चार वर्षं आधी, १९५५ साली, 'माक्रो-किलार' बाजारात आणली होती, ४० मिमीची. अनंतापासून सुरू करून, कुठलाही जादा तुकडा न जोडता, वस्तूच्या अगदी पुढ्यात जाऊन फोकस करणारी पस्तीस मिमी कॅमेऱ्याची पहिली लेन्स. म्हणजे फोटो कॅमेऱ्याची पहिली मॅक्रो आणि पहिली झूम एकाच माणसाच्या छपराखाली बनल्या. तरी त्यांनी त्या दोन वेगळ्या लेन्स म्हणूनच बनवल्या. किलफिटना दोन्ही एकत्र करण्याची कल्पना सुचली नसेल असं नाही. पण दोन्ही कामं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, जपानमध्ये निकॉनने ५० मिमीची 'मायक्रो-निक्कोर' काढली. तिची कुळकथा मराठी वाचणाऱ्याला लगेच पटेल. तेव्हा पुस्तकं आणि वर्तमानपत्रं मायक्रोफिल्मवर उतरवून जपण्याची पद्धत रूढ होत होती. इंग्रजीचं पान छोटं केलं तरी अक्षरं वाचता येतात. पण जपानी कांजी अक्षरांत एकेका अक्षराला वीस-वीस, पंचवीस रेघा. पान लहान केलं की रेघा एकमेकींत मिसळून अक्षराचा डाग व्हायचा. त्या पानांसाठी नेहमीपेक्षा कितीतरी काटेकोर लेन्स हवी होती, आणि टोकियो विद्यापीठाचे प्राध्यापक मासाओ कोआना यांच्या आग्रहातून ती घडली. पोथीतलं 'ङ्क्ष' किंवा 'द्ध्य' फोटोत उतरवताना काय होतं ते ज्याने पाहिलंय, त्याला ही अडचण वेगळी सांगायला नको.

मॅक्रो लेन्सचा स्वभाव इथे ठरला. समोर सपाट कागद आहे. मधलं अक्षर जितकं स्वच्छ, तितकंच कोपऱ्यातलं पाहिजे. सरळ ओळ सरळच आली पाहिजे. झूम वेगासाठी जन्मली, मॅक्रो सच्चेपणासाठी.

आणि या सच्चेपणाचं एक माप आहे. खरी वस्तू आणि कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर पडलेली तिची प्रतिमा एकाच आकाराची असेल तर ते १:१. प्रतिमा निम्मी असेल तर १:२. निकॉन शब्दाच्या बाबतीत इतकी कर्मठ की तिच्या मते 'मॅक्रो' म्हणजे खऱ्याहून मोठं. म्हणून तिच्या अशा लेन्सवर आजही 'मायक्रो' छापलेलं असतं. बाकीच्यांनी असा सोवळेपणा पाळला नाही.

लग्न

तो न पाळण्याचा काळ म्हणजे १९७०चं दशक. १९७४च्या सुमारास अमेरिकेच्या विविटार कंपनीने 'सीरीज वन' मालिकेतली ७०-२१० मिमीची झूम आणली. लेन्स जपानमध्ये बनत होती. एक कळ फिरवली की तीच झूम जवळच्या कामाला लागायची आणि वस्तू जवळजवळ निम्म्या आकारात टिपायची. कॅमेरा कंपन्यांच्या लेन्सपेक्षा ती स्वस्त होती आणि कामाला चोख होती. तिचं नाव झालं, आणि मग प्रत्येकाला आपल्या झूमवर 'मॅक्रो' हा शब्द हवासा वाटू लागला. ज्या लेन्स वस्तूला चतुर्थांश किंवा त्याहून लहान दाखवत, त्यांच्याही कडेला तो छापला गेला. शब्द स्वस्त झाला तो इथे.

त्या घराण्याच्या आजच्या दोन वारसदार म्हणजे टॅमरॉन आणि सिग्मा यांच्या ७०-३०० मिमी झूम. टॅमरॉनच्या त्या जुन्या मॉडेलवर एक बारीक कळ आहे. १८० ते ३०० मिमीच्या दरम्यान ती सरकवली की लेन्स ९५ सेंटिमीटरपर्यंत फोकस करते आणि १:२ देते. सिग्माचीही रीत जवळपास तशीच. या लेन्सवरचा 'मॅक्रो' खोटा नाही, अर्धा खरा आहे. सेकंडहँड बाजारात त्या परवडणाऱ्या आहेत. बोरमध्ये सकाळच्या उन्हात त्या निराश करत नाहीत, फुलपाखरू तर मीटरभर लांबून न उडवता मिळतं. पण हाताचा कंप सावरणारी यंत्रणा त्या टॅमरॉनमध्ये नाही, म्हणजे ३०० मिमीला संध्याकाळी फोटो हलणारच. आणि शेवटच्या टोकाला चित्र थोडं मऊ येतं.

दुकानदाराचा शब्द मानायचा नसेल तर खिशात शाळेतली फूटपट्टी घेऊन जा. लेन्स शेवटच्या टोकाला फिरवा, जितक्या जवळून फोकस होतो तितक्या जवळून पट्टीचा आडवा फोटो काढा. चौकटीत किती मिलिमीटर मावले ते मोजा. साध्या डीएसएलआरचा सेन्सर २२ ते २४ मिमी रुंद असतो. चौकटीत ४७ मिमी दिसले तर १:२. शंभर दिसले तर १:४, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो.

डॉक्टरची लेन्स

ही मोजामोज हौशी लोकांचा नाद वाटू शकते. माझ्या कामात ती नाद नाही.

विदर्भात खर्रा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या तुकड्यात घोटलेला. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, खर्रा हाताने घोटला जातो. तो वर्षानुवर्षं गालात धरला की आतली कातडी निबर होते, पांढरी पडते, आणि तोंड उघडायचं कमी कमी होत जातं. तिशीतली माणसं येतात, ज्यांच्या तोंडात दोन बोटं जात नाहीत. काहींच्या गालात पांढरा चट्टा असतो. तो कॅन्सरकडे निघालाय का, हे ठरवायला बायॉप्सीच लागते, फोटोने ते ठरत नाही. पण सहा महिन्यांनी तो चट्टा वाढला की तेवढाच राहिला, हे बघायला फोटो लागतो.

एका गावातल्या तपासणी शिबिरात एक ऑटोवाला आला होता. त्याने मोबाईलमध्ये जपून ठेवलेले दोन फोटो दाखवले. एक आधीच्या दिवाळीचा, एक त्या आठवड्यातला, दोन्ही त्याच्या बायकोने काढलेले. दुसऱ्या फोटोत चट्टा दुप्पट दिसत होता. दोघंही घाबरून गेले होते. पण पहिला फोटो हातभर लांबून काढला होता, दुसरा अगदी ओठांना फोन टेकवून. चट्टा खरोखर किती वाढला, ते त्या दोन फोटोंतून कुणालाही सांगता आलं नसतं. त्याचं तोंड तपासलं, मोजलं, पुढच्या तपासणीला पाठवलं. त्या बाईने काळजीपोटी जे केलं ते अगदी योग्य होतं. तिच्याकडे फक्त माप नव्हतं.

हे माप देणारी लेन्स निकॉनने १९६२ सालीच बनवली होती. तिचं नाव मेडिकल-निक्कोर, २०० मिमी. तिच्या तोंडाभोवती गोल फ्लॅश बसवलेला. तिला फोकस करायचं कडंच नव्हतं. तिच्यासोबत काही छोट्या काचा यायच्या. त्या पुढे लावायच्या आणि जी काच लावली त्यानुसार प्रतिमेचं प्रमाण ठरायचं. मग डॉक्टर स्वतः पुढे-मागे होऊन चित्र स्पष्ट करायचा. आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे फिल्मच्या कोपऱ्यात ते प्रमाण छापलं जायचं. सहा महिन्यांनी त्याच प्रमाणात दुसरा फोटो काढला की दोन्ही शेजारी ठेवून बिनधास्त तुलना करता यायची.

गोल फ्लॅशची कल्पना त्याआधीची. तिचं श्रेय सहसा लेस्टर डाइन यांना दिलं जातं, साल १९५२, आणि कारण दातच. तोंडाच्या पोकळीत बाजूने प्रकाश टाकला की गालाची सावली दाढेवर पडते. प्रकाश लेन्सच्या चारही बाजूंनी आला तर पडत नाही.

सेवाग्रामच्या कुटीत फ्लॅशला मनाई होती. १९४६ साली पुण्यात मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन फोटोग्राफरला आधी चरखा शिकावा लागला, मग मोजून तीन फ्लॅशबल्बची परवानगी मिळाली. त्यातले दोन फुकट गेले आणि तिसऱ्यावर चरख्यामागच्या गांधीजींचा तो जगप्रसिद्ध फोटो निघाला. माणसाच्या चेहऱ्यावर प्रकाश मारताना असा संकोच असावाच. दाढेपर्यंत मात्र खिडकीतलं ऊन पोचत नाही.

चाळिशीचा चष्मा

आता त्या मेडिकल लेन्सच्या छोट्या काचांकडे परत जाऊ, कारण आठ-दहा हजारांचं उत्तर तिथे आहे.

चाळिशी लागलेला माणूस पेपर हातभर लांब धरतो. त्याच्या डोळ्याला जवळचं फोकस करता येत नाही, लांबचं स्वच्छ दिसतं. तुमच्या लांबच्या झूमची नेमकी हीच अडचण आहे. मग इलाजही तोच : चष्मा. पुढे एक फुगीर काच लावायची. तिला क्लोजअप लेन्स किंवा क्लोजअप फिल्टर म्हणतात, आणि चष्म्यासारखाच तिला नंबर असतो : अधिक एक, अधिक दोन, अधिक चार. रोलायफ्लेक्ससाठीसुद्धा अशा काचा मिळायच्या, 'रोलायनार' नावाच्या. दोन लेन्सना दोन, आणि बघायच्या लेन्सवरची जरा तिरपी, म्हणजे जे दिसतं तेच फोटोत यावं. ही युक्ती नवी नाही, स्वस्तातली पळवाटही नाही. निकॉनने डॉक्टरांसाठी हीच वापरली.

हिशोब दोन ओळींचा. लेन्स अनंतावर फोकस केलेली असेल तर अंतर ठरतं हजारला नंबरने भागून : अधिक दोनला ५०० मिमी, अधिक चारला २५०. आणि प्रमाण ठरतं फोकल लेंग्थ गुणिले नंबर, भागिले हजार.

आता किट म्हणून मिळणाऱ्या १८-५५ला अधिक चार लावा : ५५ गुणिले ४ भागिले हजार, म्हणजे ०.२२. फारसं काही हाती लागलं नाही. ती लेन्स एकटीच २५ सेंटिमीटरवरून वस्तूचा एक तृतीयांशाहून थोडा मोठा आकार देते. तीच काच २५० मिमीला लावा : बरोबर १. म्हणजे १:१, आणि वस्तू वीतभराहून थोडी लांब. चष्मा लहान लेन्सला लावायचा नसतो, लांबच्या झूमला लावायचा असतो. ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी हा लेख वाचल्याचा वेळ वसूल झाला.

म्हणून मला कुणी विचारलं तर मी असं सांगते. कॅमेरा ज्या कंपनीचा, तिचीच साधी लांबची झूम सेकंडहँड घ्या, कंप सावरणारी. कॅननची ५५-२५० किंवा निकॉनची डीएक्स ७०-३००. बोरसाठी ती पुरेल. कॅननची ती लेन्स एकटी असताना वस्तू साधारण ०.२९ पट दाखवते, म्हणजे फुलपाखरू येतं, दाढ येत नाही. मग उरलेल्या पैशांत चांगला चष्मा घ्या. चांगला म्हणजे एकाहून जास्त काचांचा. एकाच काचेच्या स्वस्त संचात कडांना जांभळी-हिरवी किनार येते. दोन वेगळ्या जातींच्या काचा जोडून ही किनार मारायची युक्ती लंडनच्या जॉन डॉलंडनी १७५८ सालीच पेटंट करून ठेवली आहे. रेनॉक्स डीसीआर-१५० नावाचा असा चष्मा चिमट्यासारखा लेन्सच्या पुढे अडकतो. त्याचा नंबर ४.८. २५० मिमीला तो १.२ पट देतो. वाघ दिसला की काढायचा, अळी दिसली की लावायचा.

यात तोटेही आहेत. चष्मा लावला की लांबचं काहीच फोकस होत नाही. स्पष्ट दिसणारा भाग मिलिमीटरात मोजावा लागतो, म्हणून एफ १६च्या आसपास जावं लागतं, आणि मग फ्लॅशशिवाय भागत नाही. ज्याला रोज पेशंटचे फोटो काढायचे आहेत, त्याने पैसे साठवून १०० मिमीच्या आसपासची खरी मॅक्रोच घ्यावी. कागदासाठी घडलेला तो सच्चेपणा चष्म्याला नाही. ५०-६० मिमीची मॅक्रो स्वस्त पडते, पण १:१ला ती चार बोटांवर येते. पेशंटच्या श्वासाने काच धुरकटते आणि प्रकाश अडतो.

आणि ज्यांच्याकडे फक्त फोन आहे? फोनची मुख्य लेन्स रुंद पाहणारी असते. ओठांजवळ नेली की पुढचे दात फावड्यासारखे आणि मागचे दाणे दिसतात. 'मॅक्रो' मोड बऱ्याच फोनमध्ये त्याहूनही रुंद लेन्सवर चालतो. त्यापेक्षा दोन किंवा तीन पटीची लेन्स असेल तर ती निवडा, हातभर लांब या, आणि नंतर फोटो कापा. चौकटीत फूटपट्टीचा तुकडा दिसू द्या, बोंडअळी असो की गालातला चट्टा. परवानगी विचारा. चेहरा लागत नसेल तर घेऊ नका.

शिबिरात त्या ऑटोवाल्याच्या बायकोला मी एवढंच शिकवलं. जाताना तिने दाराच्या चौकटीला पाठ लावून नवऱ्याला उभं केलं, फरशीच्या एका जोडावर स्वतःचे पाय ठेवले आणि फोन दोन पटीवर नेला. गालाजवळ तिने एक लाकडी पट्टी धरली होती, शिबिरातच मिळालेली, वर पेनने सेंटिमीटरच्या खुणा केलेली. फोटो काढून झाल्यावर तिने मला विचारलं, "पुढच्या बारी याच फरशीवर उभं राहाचं ना?"

फरशी कुठलीही चालेल, मी म्हटलं. अंतर तेच पाहिजे.